माती उडाली पाहिजे

बाळाजींची काठी जोरात खाली आली आणि चेंडूपाशी पोचताच कच खाऊन वर उचलली गेली. चेंडूच्या डोक्याला नुसती टपली बसली. तो गवतावरून चार हात घरंगळला आणि थांबला.

"अंकल, फिर वही!" कमलेश ओरडला. तो इथला कोच, उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधला, तिशीतला. "काठी खाली जाऊ द्या ना! बॉलनंतर जमिनीला लागली पाहिजे. माती उडाली पाहिजे, माती!"

बाळाजींनी मान डोलावली. दुसरा चेंडू ठेवला. पुन्हा टपली.

बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना हे गोल्फचं मैदान लागतं. चारी बाजूंनी उंच जाळी, पुढे फाटक, फाटकावर वॉचमन. आत एका रांगेत उभं राहून समोर चेंडू मारायचे. पूर्वी इथे भातशेती होती, बाळाजींच्या भावकीचीच. सगळ्यांनी मिळून ती विकली, तेव्हा बाळाजींनीही सही केली होती. अंबरनाथच्या फॅक्टरीतून रिटायर झाल्यावर हा गृहस्थ त्याच जमिनीवर मेंबर होऊन आला. अंगात कॉलरचा टी-शर्ट, डाव्या हातात पांढरा मोजा. गावातल्या लोकांची हसून मुरकुंडी वळली. "आमचे गुंठामंत्री आता गोल्फ खेळणार!"

हौसेला मात्र तोड नव्हती. त्यांनी कोचिंग लावलं, काठीला सेन्सर चिकटवला, मोबाइलवर ॲप घेतलं. ते ॲप प्रत्येक फटक्यानंतर काठीचा वेग सांगायचं आणि चेंडूजवळ तो कसा मरतो हे लाल रेघेनं दाखवायचं. रेघ काही बदलली नाही. सकाळी फाटक उघडताना बाळाजी हजर असत आणि बंद होताना सर्वांत शेवटी निघत. जागाही ठरलेली, रांगेतली अगदी कोपऱ्यातली. तिथे दुसरं कुणी उभं राहिलेलं त्यांना खपत नसे. इतका आटापिटा करून माणूस जिथल्या तिथेच. चिडायचं तरी किती? कमलेशला त्यांची कीव यायची.

मग नवा नियम आला. मैदानात यायला आता वेटिंग होतं. पावसाळ्याआधी परीक्षा होणार, शंभर यार्डांच्या पाटीपलीकडे ज्याचा चेंडू जाणार नाही त्याची मेंबरशिप बंद. ते ऐकून बाळाजींचा चेहरा पार उतरला. त्यांनी घरच्या गच्चीवर जाळी बांधली, चटई टाकली आणि तिथेही सराव सुरू केला. बायकोनं, मीनाताईंनी, मोबाइलवर काढून दिलेला व्हिडिओ त्यांनी कमलेशला दाखवला. कमलेश चक्रावला. गच्चीवर काठी खाली जात होती, चटईला थाडकन लागत होती. फटक्यात नाव ठेवायला जागा नव्हती.

"घरी तर मस्त जमतंय! मग इथे काय होतं तुम्हाला?"

बाळाजींनी मोबाइल खिशात ठेवला आणि चेंडूंची बादली उचलली.

परीक्षेच्या दिवशी कमलेशनं डोकं चालवलं. त्यानं बाळाजींना रांगेतल्या पहिल्या जागेवर उभं केलं.

"आज इथून मारा, अंकल."

बाळाजींनी दूरच्या कोपऱ्याकडे पाहिलं. "तिकडं कोन नाय ना?"

"कोई नहीं. मारा तुम्ही."

काठी वर गेली, खाली आली. गवताचा ढेकळासकट तुकडा उडाला. चेंडू सणसणत गेला आणि पाटीच्या बराच पलीकडे पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कमलेशनं तर त्यांना मिठीच मारली.

"अंकल, प्रॉब्लेम तुमच्यात नव्हताच, त्या कोपऱ्यात होता! आजपासून हीच जागा तुमची. तिकडे फिरकायचंपण नाही."

बाळाजींचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. कोपऱ्यातल्या जागेवर प्रगती मॅडम नावाच्या दुसऱ्या एक मेंबर जाऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी चेंडू ठेवला, काठी मागे उचलली. बाळाजी मिठीतून सुटले आणि धावत सुटले.

"मॅडम, नको! नको!"

ते चेंडूवर पाय रोवूनच उभे राहिले. मॅडमची काठी कशीबशी हवेत थांबली.

"अहो काका, आत्ता लागलं असतं डोक्याला! ही जागा काय तुमच्या मालकीची आहे?"

"होती," बाळाजी म्हणाले.

मॅडम पाय आपटत दुसऱ्या जागेवर गेल्या. कमलेश तणतणत आला खरा, पण बाळाजी अजून चेंडूवर पाय रोवूनच उभे होते. त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"पास झालात ना, अंकल. आता काय झालं?"

बाळाजींनी इकडेतिकडे पाहिलं. जवळ कुणी नव्हतं.

"हितं बांध होता, सर. माजी पयली पोरगी हाय खाली. नाव पन ठेवलं नव्हतं. आमच्यात दात यायच्या आधी पोर गेलं तर जाळत नाय, आपल्याच शेतात ठेवतात."

कमलेशनं खाली पाहिलं. रांगेतल्या बाकीच्या सगळ्या जागा फटके खाऊन उखडल्या होत्या. इथलं गवत मात्र दाट होतं. याच जागेवर उभा राहून आपण इतके महिने काय ओरडत होतो, ते त्याला आठवलं आणि तो दोन पावलं मागे सरकला.

"मग सांगायचं ना, अंकल! इथे मारायला उभं तरी कशाला राहायचं?"

"सांगितलं तर खनून काढतील," बाळाजी म्हणाले. "आनि मी हितनं हाललो तर दुसरं कोन तरी उभं राहील, सर. त्याचा फटका बरोबर लागंल."