बाहेर जाणारं चित्र

"हा बघा चोर," तो म्हणाला आणि लॅपटॉप जिन्यातल्या राउटरच्या पेटीवर सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

सगळे वाकले. स्क्रीनवर एक निळी रेघ होती. सकाळी ती उभी चढायची, दिवेलागणीपर्यंत सपाट राहायची आणि मग एकदम पडायची. रोज तसंच.

इमारतीतल्या घरांनी मिळून एकच वाय-फाय घेतलं होतं आणि गेले काही आठवडे ते गोगलगायीशीही पैज हरलं असतं. शिंपीणकाकूंना गिऱ्हाइकांनी पाठवलेले नमुने उघडत नव्हते. तळमजल्यावरचे निवृत्त ड्रायव्हरकाका बुद्धिबळाची चाल खेळायचे आणि ती पोचेपर्यंत समोरचा निघून गेलेला असायचा. घरून काम करायची परवानगी असूनही तो स्वतः रोज ऑफिसात जात होता. भौतिकशास्त्र शिकलेला म्हणून शोधाचं काम त्याच्या गळ्यात पडलं आणि त्यानं ते रीतसर केलं. सुरुवात आपल्याच घरापासून केली. त्याचा लॅपटॉप, त्याचा फोन, आईचा फोन, तिन्ही तपासून वगळले. मग घरोघरी जाऊन बाकीची यंत्रं ओळखली. शेवटी हे एकच उरलं. नावाच्या जागी नुसती अक्षरं आणि आकडे.

दिवसभर एवढं बघतो तरी काय मेला, ड्रायव्हरकाकांनी विचारलं, डोळे फुटतील की.

"बघत नाहीये काका, दाखवतोय," तो म्हणाला. "चित्र इथून बाहेर चाललंय, सतत. बाहेर जायची वाट अरुंद असते. ती एकानं अडवली की सगळेच खोळंबतात."

दाखवतोय म्हटल्यावर नजरा आपोआप वरच्या मजल्यावरच्या फोटोग्राफरकडे वळल्या. तो भाडेकरू, एकटा आणि नवा. आपली सगळी यंत्रं आधीच दाखवली आहेत, असं तो म्हणाला. दाखवली तेवढीच असतात असं थोडंच आहे, काका म्हणाले, आणि दोघंतिघं हसले. फोटोग्राफर खाली बघत राहिला. त्याच्याविरुद्ध काही पुरावा नव्हता. ते सांगण्यासारखा एकच माणूस तिथं होता, शोध घेणारा, आणि तोही हसला.

आई मागे, पायरीवर उभी होती. एखाद्याला ठाऊकच नसेल तर, असं तिनं हळूच विचारलं.

"रोज, दिवसभर? अजाणता कोणी एवढं करत नाही, आई," तो म्हणाला आणि त्यानं लॅपटॉपवरूनच त्या यंत्राचं वाय-फाय बंद करून टाकलं. काकूंनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तो घरीच थांबला. फायली भराभर उतरत होत्या. दुधाची पिशवी घ्यायला तो दारात आला तेव्हा काकूंनी जिन्यातूनच सांगितलं, पोरा, वारं प्यायल्यासारखं पळतंय बघ. त्यांच्या मागून फोटोग्राफर उतरत होता. मी माझं वेगळं कनेक्शन घेतोय, म्हणजे कोणाला त्रास नको, एवढंच तो म्हणाला आणि बाजूनं निघून गेला.

पिशवी ठेवायला तो स्वयंपाकघरात गेला. ओट्यावर, पिठाच्या डब्याला टेकून, त्याचा जुना टॅब उभा होता. काच तडकलेली. तो कधीचा मेला म्हणून त्यानं खणात टाकून दिला होता, आणि मोजणीत धरलाही नव्हता. आता त्याच्यावर एक पांढरं वर्तुळ गोल गोल फिरत होतं.

"मी दुरुस्त करून आणला," आई म्हणाली. "पण सकाळपासून ताई दिसत नाहीये. जरा बघतोस का रे?"

त्याची थोरली बहीण दूरच्या शहरात होती. सातवा महिना. पहिलं मूल पोटातच गेलेलं, म्हणून या खेपेला डॉक्टरांनी अंथरुणातून उठायचं नाही असं बजावलं होतं. नवरा दिवसभर कामावर.

हे रोज किती वेळ चालू असतं, त्यानं विचारलं. आई म्हणाली, जावई बाहेर पडले की लावते, ते परतले की बंद करते. आम्ही बोलत नाही काही, आवाजही बंदच असतो. ती पडल्या पडल्या मला काम करताना बघते, तेवढाच तिला धीर.

त्यानं आतून लॅपटॉप आणला. ती अक्षरं, ते आकडे. त्यानं त्याचं वाय-फाय पुन्हा चालू केलं. वर्तुळ थांबलं आणि बहीण दिसली, रडून डोळे सुजलेली. आई दिसताच तिनं उशीत तोंड खुपसलं आणि मग हसली. आईनं हातातला झारा उंचावून दाखवला.

वरच्या मजल्यावर नव्या वायरसाठी भिंतीला भोक पाडणं सुरू झालं. आईनं एकदा वर बघितलं, मग लॅपटॉपकडे, मग त्याच्याकडे.

"कालचा चोर तो हाच का रे?"

त्यानं मान खाली घातली.

आवाज बंद होता, तरी लेकीला ऐकू जाऊ नये म्हणून ती टॅबकडे पाठ करून उभी राहिली. "मला खरंच कळलं नाही," ती म्हणाली. "मी तिच्याकडे जाऊन राहते म्हटलं होतं, तेव्हा तूच म्हणालास ना, मग माझ्या डब्याचं काय, जायला कशाला हवं, घरात वाय-फाय आहे की."