एक मोठी की दोन लहान

थोरला लहान बोटीत एक पाय टाकून उभा होता, तेवढ्यात शोरूमचं काचेचं दार ढकलून त्याचा धाकटा भाऊ आत आला. पाठोपाठ धाकट्याची बायको आणि मुलगी.

बोटीतला पाय आत ठेवावा की बाहेर काढावा, थोरल्याला कळेना. सख्खे भाऊ, पण तीन वर्षांत एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. त्याआधी बावीस वर्षं दोघांनी एकाच वर्कशॉपमध्ये सोफे बनवले होते. मग एक दिवस थोरला गिऱ्हाइकासमोर बोलून गेला, "हा धाकट्याने शिवलाय, म्हणून जरा वाकडा झालाय." धाकट्याने कात्री टेबलावर ठेवली, ॲप्रन खुंटीला अडकवला आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला स्वतःचं वर्कशॉप टाकलं. तेव्हापासून कुणा नातेवाइकाकडे गेले तरी एक हॉलमध्ये बसे आणि दुसरा गॅलरीत.

"हीच ती लहान," सेल्समन धाकट्याला म्हणाला. "एकोणीस फुटी. सहा माणसं आरामात."

"आम्ही तिघंच आहोत," धाकटा म्हणाला. बोटीत उभा असलेला माणूस आपल्याला दिसलाच नाही, असा त्याचा चेहरा होता.

"आम्ही चौघं," थोरला बोटीच्या स्टिअरिंगला म्हणाला. "आम्हालाही हीच बघायचीय."

सेल्समन घसा खाकरून कामाला लागला. दोन्ही बोटी जेटवर चालणाऱ्या. मागे फिरणारा पंखा नाही. इंजिन पाणी आत ओढतं आणि जोराने मागे फेकतं, त्यामुळे बोटीमागे पोहणाऱ्या मुलांच्या पायांना धोका नाही. हे सगळं त्याने दोनदा सांगितलं, एकदा डावीकडे तोंड करून आणि एकदा उजवीकडे. शेजारी मोठी उभी होती. चोवीस फुटी, दोन इंजिनं, बारा माणसांची.

त्या मोठीत थोरल्याच्या दोन मुली आणि धाकट्याची एक केव्हाच चढून बसल्या होत्या.

"हीच घ्या ना! दोन कशाला, एकच घ्या!"

"खाली उतरा!" दोन्ही बाप एकदम ओरडले. एकदम ओरडलो, याचाही दोघांना राग आला.

दोघी जावा कोपऱ्यात लाइफ जॅकेटांचे रंग बघत होत्या. या भानगडीशी त्यांचं काही देणंघेणं नसावं.

"चालवून बघायची तर मागच्या धक्क्यावर आज मोठीच आहे," सेल्समन म्हणाला. "चालवून दाखवायची लहान सर्व्हिसिंगला गेलीय. आणि सकाळची फेरी आता एकच उरलीय."

थोरला गाडीची किल्ली काढून दाराकडे निघाला.

"आलोच आहोत तर बसू या की," त्याची बायको म्हणाली. "तुम्ही पुढे बसा, भावजी मागे बसतील. चोवीस फूट आहे बोट."

तलाव मोकळा होता. सेल्समनने वेग वाढवला तशी बोट नाक वर करून उसळली आणि पोरींनी आनंदाने किंचाळून कान किटवले. पुढच्या सीटवर तोंडावर सपासप पाणी यायला लागलं. थोरला भिजून चिंब झाला आणि नाइलाजाने मागच्या सीटवर येऊन बसला. एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला धाकटा. मध्ये चार माणसांची जागा.

सवयीने थोरल्याचा अंगठा सीटच्या शिवणीवरून फिरला.

"वाकडी आहे," तो स्वतःशीच पुटपुटला.

"वाकडी नाही," पलीकडून आवाज आला. धाकट्याचाही अंगठा शिवणीवरच होता. "फोम जास्त भरलाय. म्हणून ओढली गेलीय."

थोरला वाकला. शिवण पुन्हा एकदा चाचपून पाहिली. धाकट्याचंच बरोबर होतं.

बोट वळली.

"त्या सोफ्यालाही फोमच जास्त झाला होता," थोरला म्हणाला. "आणि फोम मी कापला होता. तुझी शिवण सरळ होती."

"हे कळायला तीन वर्षं लागली?"

"कळलं दुसऱ्याच दिवशी. सांगायला तीन वर्षं लागली."

धाकट्याने काहीतरी कडक बोलण्यासाठी तोंड उघडलं. नेमकी तेव्हाच बोट एका लाटेवरून उडाली, तो घसरत थेट थोरल्याच्या अंगावर येऊन आदळला आणि दोघं मिळून खाली पडले. पोरी टाळ्या पिटायला लागल्या. थोरल्याने त्याला दंडाला धरून उठवलं, आणि बसल्यावरही दंड सोडला नाही.

"दादा," धाकटा म्हणाला, "हात सोड, दुखतोय."

बोट धक्क्याला लागली तेव्हा दोघं तावातावाने भांडत होते. या सीटा आधी उचकटायच्या, यावर एकमत होतं. रंग कुणी ठरवायचा, यावर नव्हतं. फोम मात्र धाकटाच कापणार, हे थोरल्याने मुकाट्याने मान्य केलं.

शोरूममध्ये परतल्यावर थोरल्याने खुर्ची ओढली, धाकट्याला शेजारी बसवलं आणि टेबलावर थाप मारली.

"लहान नको. आम्ही सात जण आहोत. मोठीच लिहा."

सेल्समनने रजिस्टर उघडलं, मिटलं, आणि लाइफ जॅकेटांच्या आडून हात हलवून 'नको, नको' म्हणणाऱ्या दोन्ही जावांकडे बघत तो कसाबसा म्हणाला, "साहेब, ती तर या दोघी मागच्या मंगळवारीच बुक करून गेल्यात."