तयार कॉम्प्युटर

इल्पो दुकानाच्या फरशीवर गुडघे टेकून बसले आणि मांडून ठेवलेल्या कॉम्प्युटरच्या काचेतून आत बघू लागले. उजवा हात मांडीवर थरथरत होता. तो त्यांनी डाव्या हाताने दाबून धरला.

"हा चालेल ना, बाबा?" सोहवीने उभ्यानेच विचारलं. सोमवारी तिला ओउलूला जायचं होतं. तिथलं विद्यापीठ सुरू होत होतं.

घरातले आजवरचे सगळे कॉम्प्युटर इल्पोंनी स्वतः जोडलेले होते. इमारतीतल्या निम्म्या बिऱ्हाडांचेसुद्धा. हाही बापलेक मिळून स्वयंपाकघरातल्या टेबलावर जोडणार होते. गेल्या रविवारी प्रोसेसर बसवताना इल्पोंच्या हाताला हिसका बसला आणि मदरबोर्डच्या पिना वाकल्या. त्यांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाले, "चल, तयारच घेऊ."

"मेमरीची पट्टी एकच आहे," ते आता काचेशी बोलत असल्यासारखे म्हणाले. हल्ली त्यांचा आवाज बसला होता, शब्द एकमेकांना चिकटून बाहेर पडत. "दोन हव्या होत्या. पॉवर सप्लाय कुठल्या कंपनीचा आहे?"

विक्रेता एतू शाळेत सोहवीच्या एक वर्ष पुढे होता. त्याने इल्पोंकडे पाहिलं आणि सोहवीला विचारलं, "काय म्हणतायत?"

"पॉवर सप्लाय," इल्पो पुन्हा म्हणाले. या वेळी शब्द आणखी चिकटले. ओठाच्या कोपऱ्यात थोडी लाळ जमली. मागे वॉशिंग मशीनसाठी थांबलेल्या जोडप्यातल्या बाईने घड्याळ पाहिलं. एतू वाकला, काही कळलं नाही म्हणून सरळ झाला आणि सोहवीकडे पाहून समजूतदारपणे हसला.

"लक्ष देऊ नकोस," सोहवी म्हणाली. "त्यांना यातलं काही कळत नाही. हाच देऊन टाक."

बोलून झाल्यावर ते तिला ऐकू आलं.

इल्पो फळीची कड धरून उठले. उठायला वेळ लागला. मग एतूसमोर उभं राहून एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "खरंय. मला कळत नाही. म्हणून विचारतो. यात इंटरनेट आतच भरलेलं असतं का?"

मागची बाई गालात हसली. एतूला मात्र हुरूप आला.

"नाही, काका. ते वेगळं घ्यायचं. असं बघा, हा म्हणजे टीव्ही समजा. आणि इंटरनेट म्हणजे त्याची अँटेना."

"अस्सं. अँटेना." इल्पोंनी मान डोलावली. "ती छपरावर बसवायची?"

"नाही हो, छपरावर कशाला!"

"आणि रात्री हा बंद करायचा, की चालू राहिला तरी चालतो?"

"केलेला बरा. वीज वाचते."

"बाबा, पुरे ना," सोहवी म्हणाली.

"थांब गं. हा मुलगा किती नीट समजावून सांगतोय."

तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. पूर्वी असं काही बोलताना त्यांची डावी भुवई किंचित वर जायची आणि घरातल्यांना थट्टा कळायची. पण गेल्या हिवाळ्यापासून आजाराने त्यांचा चेहरा थिजवून टाकला होता. भुवई जागची हलली नाही. ते तिची फजिती करत होते, की एतूची, की तिचा शब्द खोटा पडू नये म्हणून धडपडत होते, हे त्या चेहऱ्यावरून कळायला काही मार्ग नव्हता.

एतू, अरे, बाबा स्वतः कॉम्प्युटर जोडतात. एवढंच म्हणायचं होतं. वाक्य जिभेवर आलंही. पण ते म्हटलं असतं, तर आधीचं वाक्य ती का बोलली, तेही एतूला कळलं असतं. तिने पर्समधून कार्ड काढलं.

खोकं बांधून झाल्यावर एतूने गल्ल्याजवळच्या गठ्ठ्यातलं एक पत्रक इल्पोंच्या हातात दिलं. "हे ठेवा, काका. ग्रंथालयात ज्येष्ठांसाठी वर्ग असतो, दर बुधवारी. घाबरायचं काही नाही. सगळे तुमच्यासारखेच येतात."

"आभारी आहे," इल्पो म्हणाले.

खोकं सोहवीने एकटीने उचललं. ते गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून ती स्टिअरिंगमागे बसली, तेव्हा इल्पो सीटबेल्ट लावून समोर बघत होते. पत्रक हातात होतं. कागदाचा सारखा फडफड आवाज येत होता.

"बाबा," ती म्हणाली. "मघाशी मी—"

"हे वाचून दाखव जरा. माझ्या हातात अक्षरं स्थिर राहत नाहीत."

तिने पत्रक घेतलं. "संगणकाशी मैत्री," तिने वाचलं आणि थांबली.

"पुढे."

"अगदी नवख्यांसाठी. संगणक सुरू कसा करायचा, इथपासून. माऊस कसा धरायचा. कॉफी आणि बन मिळेल." तिने कागदावरून नजर काढली. "बाबा, नको ना."

"पुढे वाच."

"प्रश्न विचारायला संकोच करू नका." तिने कागद मांडीवर ठेवला. "झालं. पुढे काही नाही. नुसता पत्ता आहे."

इल्पो समोरच्या काचेतून दुकानाच्या दाराकडे बघत होते. वॉशिंग मशीनवालं जोडपं बाहेर येत होतं.

"मग पत्ता वाच," ते म्हणाले.