बाभळीपर्यंत

अकराच्या अकरा बाया आजही उभ्याच होत्या. घनश्यामला त्या लांबूनच दिसल्या आणि त्याचं डोकं फिरलं. एवढा अंधार पडत आला तरी ह्या घरी गेल्या नव्हत्या. कपाशीच्या पऱ्हाटीत निंदण करणाऱ्या मजूर बाया त्या. त्याची सायकल पांदणीच्या वाटेवर दिसली की हातातली खुरपी तशीच धरून, कंबर सरळ करून उभ्या राहायच्या आणि तो पुढं जाईपर्यंत टक लावून बघायच्या. महिना झाला, एक दिवस चुकला नव्हता.

बघण्यासारखं त्याच्यात होतं, हे त्यालाही कबूल होतं. वर्ध्याच्या एका छापखान्यात तो कंपोझिटर. स्वातंत्र्यानंतरची दुसरी निवडणूक सहा महिन्यांवर आलेली, म्हणून दिवसभर उभं राहून मतदारांच्या याद्यांचे खिळे जुळवायचे आणि साडेचारला सुटी झाली की चौदा मैल सायकल हाणायची. सेलूपर्यंत सडक बरी. तिथून पुढं घरापर्यंत तीन मैल काळ्या मातीची पांदण, आणि पावसाळ्यात ती माती चाकाला अशी धरते की मडगार्डात बोट शिरत नाही. दर फर्लांगाला उतरायचं, काडीनं चिखल काढायचा, पुन्हा बसायचं. पायजमा सुतळीनं बांधलेला, चपला हँडलला लटकवलेल्या, चिखल कानापर्यंत. असं सोंग बघून बाया हसणार नाहीत तर काय करणार?

त्यातली बायजा नावाची म्हातारी तर वरून ऐकवायची, "आज लय उशीर केला भाऊ." जशी काही ह्याची सासूच लागून गेली.

त्या हसताना त्याला कधी दिसल्या नव्हत्या, ही गोष्ट वेगळी. पण थकलेल्या माणसाला सगळं जग आपल्यालाच हसतं असं वाटतं. म्हणून त्यानं एक युक्ती काढली. सेलू सोडल्यावर फाट्याशी एक जुनी चिंच होती. तिच्या बुंध्याला सायकल टेकवून तो अर्धा तास पाय सोडून पडू लागला. गुडघ्यांनाही आराम, आणि तोवर बायाही घरी गेलेल्या असतील. अर्ध्याचा पाऊण झाला, पाऊणचा एक तास झाला. पण काय चिकट बाया त्या. तो कितीही उशिरा येवो, ह्या आपल्या उभ्याच. काल तर चेहरे ओळखू येत नव्हते, तरी उभ्या होत्या.

शेवटी त्यानं ठरवून टाकलं. छापखान्यातल्या रूपरावनं वर्ध्याच्या आपल्या खोलीत जागा देऊ केली होती. उद्या होकार द्यायचा आणि ह्या चौदा मैलांतून सुटायचं. त्याच्या बायकोनं, पंचफुलानं, नको म्हटलं नव्हतं. त्याच्या गुडघ्याला तेल चोळता चोळता तिनं एवढंच विचारलं होतं, "मंग घरी कवा याल?" "पंधरा दिवसांतून एकदा," तो म्हणाला होता. घर सोडून जायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण ती पांदण आणि त्या बाया, दोन्ही आता सोसत नव्हतं.

जायचं ठरलंच होतं, मग भीड कशाची? शेताच्या टोकाला एक बाभूळ होती, तिच्या अलीकडेच त्यानं ब्रेक दाबला. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, मालक अण्णाजी छत्री टेकून बसले होते. त्यांच्याकडे न बघता तो सरळ बायजावर घसरला.

"काऊन वो मावशी, मी का जत्रेतलं माकड हाव? रोज का पाहून राह्यल्या तुमी?"

कोणी हसलं नाही. एकीनं दोन्ही हातांनी कंबर दाबून धरली. एक तरणी बाई गावाकडे बघत होती आणि तिचं पोलकं दुधानं ओलं झालं होतं.

बायजानं हात जोडले. "भाऊ, भांडन उद्या करा. आधी तुमची सायकल त्या बाभळीच्या समोर न्या."

"काऊन?"

"तुमी बाभूळ ओलांडल्याशिवाय आमाले सुटी नाई."

घनश्यामनं अण्णाजींकडे पाहिलं. ते शांतपणे म्हणाले, "रोज आभाळ राह्यते. दिवस बुडाला का नाई, यावरूनच रोज कटकट. घडी गावात कोनापाशीच नाई. मंग ह्यायनंच म्हटलं, छापखान्याचा बाबू घडीवर सुटते, त्याची सायकल बाभळीच्या समोर गेली का सुटी. मी हो म्हटलं. बोली एकच होती का तुमाले कोनी सांगाचं नाई, नाईतर ह्या तुमाले दुपारीच बोलावतीन."

"पहिले तुमी उजेडी येत होते भाऊ," बायजा म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

चिंचेखाली तो रोज पाय सोडून पडत होता, तेवढा वेळ ह्या वाकून होत्या. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली. तो मागे वळला, सायकल ढकलायला गेला, तर चिखलानं चाक जाम झालेलं. काडी शोधायला तो थांबला नाही. सायकल खांद्यावर घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी पळत त्यानं बाभूळ ओलांडली. मागून अण्णाजींचा आवाज आला, "चला, सुटी." ती तरणी बाई त्याच्या बाजूनं धावतच पुढं निघून गेली.

दुसऱ्या दिवशी छापखाना सुटायच्या वेळी रूपरावनं विचारलं, "मंग, खोलीवर कवा येता?"

घनश्याम पायजम्याला सुतळी बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

"नाई जमत," तो म्हणाला. "मी गेल्याशिवाय अकरा बाया घरी जात नाई."