लॉवेल ग्रेबरचा आवाज

“स्वतःसाठीच ना, काका? दुसऱ्या कुणासाठी नाही?” काउंटरपलीकडून शेलीनं विचारलं. “राग मानू नका, विचारावंच लागतं.”

“स्वतःसाठीच,” लॉवेल ग्रेबर म्हणाला, आणि त्यानं पुन्हा एकदा दाराकडे पाहून घेतलं.

हे दुकान त्यानं मुद्दाम गावापासून लांबचं शोधलं होतं. गाडीसुद्धा मागच्या बाजूला, कचऱ्याच्या पेट्यांआड लावली होती. त्याच्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथात शस्त्राला कुणी हात लावत नाही. महायुद्धात बंदूक उचलायला नकार दिला म्हणून त्याचे आजोबा तुरुंगात गेले होते, आणि ती गोष्ट रविवारच्या शाळेत मुलांना सांगण्यात त्याचा जन्म गेला होता. आता तोच माणूस पिस्तुलांच्या काचेच्या कपाटापुढे हातात टोपी घेऊन उभा होता.

“पहिलंच?”

“पहिलंच. फार महाग नको. पण भरवशाचं हवं.”

“बरोबर बोललात. अगदी स्वस्तातलं नेमकं नको त्या वेळी अडकतं. आणि महागातलं असतं दोस्तांना दाखवायला. दाखवायचंय कुणाला?”

“नाही नाही!” लॉवेल इतक्या घाईनं म्हणाला की शेलीला हसू फुटलं.

तिनं मधल्या किमतीचं एक नवं कोरं पिस्तूल पुढे केलं. लॉवेलला त्याचा वरचा भाग मागे ओढता येईना. संधिवातानं सुजलेली बोटं घसरत होती. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“असू दे, असू दे. तुमच्या बोटांसाठी माझ्याकडे एक आहे.” तिनं खालच्या खणातून दुसरं काढलं. “वापरलेलं आहे, पण जिवापाड जपलेलं. स्प्रिंग नरम आहे. आता बघा हं, हातात घेतलं की पहिलं काम हे.”

तिनं नळी जमिनीकडे वळवली, वरचा भाग मागे ओढला, आत डोकावून पाहिलं आणि मग करंगळी घालून गोळीचा खाना चाचपला.

“रिकामं आहे, असं कुणीही सांगो. साक्षात पाद्रीबाबांनी हातात दिलं तरी आधी हे करायचं. डोळ्यांनी आणि बोटानं.”

पाद्रीबाबांचं नाव निघताच लॉवेलनं मान खाली घातली. मग तिनं केलं तसं करून पाहिलं. या वेळी जमलं. नळीच्या टोकावर एक पोवळ्या रंगाचा ठिपका होता, किंचित तिरका.

“नेलपॉलिश आहे ते,” शेली म्हणाली. “नेम चटकन दिसतो. पुष्कळ लोक लावतात. ज्यांचं होतं त्यांनी बदल्यात काहीच घेतलं नाही म्हणे. काही महिन्यांपूर्वीच. माझे वडील होते तेव्हा काउंटरवर. नुसतं ठेवलं आणि गेले... पण तुम्हाला कशाला हवंय, विचारू का?”

“घरात चोर शिरला होता. हिवाळ्यात.”

“अरे देवा! मग?”

“पळाला.”

एवढंच तो बोलला. पुढचं कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्या रात्री खाली काच फुटली तेव्हा दोघांनाही जाग आली होती. लॉवेल उठला, न्हाणीघरात गेला आणि त्यानं आतून कडी लावली. का, ते त्याला आजही सांगता आलं नसतं. टबच्या काठावर बसून त्यानं बायकोची पावलं जिना उतरताना ऐकली. मग काही पडल्याचा आवाज, धावण्याचा आवाज. नंतर दारावर टकटक झाली. “बाहेर ये, लॉवेल. गेला तो.” व्हर्डा अंगरख्याच्या खिशात एक हात घालून उभी होती.

पोलीस आले. लॉवेल तोंड उघडणार, तोच तिनं सांगून टाकलं, “आमचे हे जिन्यावरून मोठ्यानं ओरडले, तसा तो पळाला.”

रविवारी पाद्रीबाबांनी प्रवचनात तेच सांगितलं. “हातात काठीसुद्धा नाही! फक्त आवाज!” बाहेर पडताना एकेकानं त्याचा हात हातात घेतला. लॉवेल बुटांकडे बघत राहिला. त्यानं कुणाचाही गैरसमज दूर केला नाही.

आणि तेव्हापासून व्हर्डानं गुरुवारचं, बायकांनी जमून गोधड्या शिवायचं मंडळ सोडलं होतं. इतक्या वर्षांत तिनं एकही गुरुवार चुकवला नव्हता. आता घर आपल्यासारख्याच्या भरवशावर टाकून जायची तिला भीती वाटते, हे लॉवेलला न विचारताच कळलं होतं.

शेलीनं फोनवरून सरकारी चौकशी पुरी केली. “निवांत झोपा आता, काका,” ती म्हणाली.

तो घरी आला तेव्हा व्हर्डा ॲपल-पायसाठी मळलेलं पीठ लाटत होती. पिस्तुलाचा डबा तळघरात लपवायचा, असं त्यानं वाटेत ठरवलं होतं. पण तिची वाकलेली पाठ पाहिली आणि त्याला ते जमेना. त्यानं डबा टेबलावर, पिठाच्या शेजारीच ठेवला आणि झाकण उघडलं.

“तू एकटी रिकाम्या हातानं खाली गेलीस आणि मी कडी लावून बसलो,” तो म्हणाला. “लोक पाठ थोपटतात तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटतं. पुन्हा तशी वेळ आली तर मी जाईन, व्हर्डा. पाद्रीबाबांना काय सांगायचं ते सांग.”

व्हर्डानं लाटणं बाजूला ठेवलं. आता ती रडेल, किंवा आजोबांचं नाव काढेल, असं वाटून लॉवेल वाट बघत उभा राहिला. तिनं कमरेला बांधलेल्या एप्रनला हात पुसले. पिस्तूल उचललं. नळी जमिनीकडे वळवली, वरचा भाग एका झटक्यात मागे ओढला, आत डोकावून पाहिलं आणि करंगळीनं खाना चाचपला.

मग ते खिडकीच्या उजेडात धरून तिनं नळीच्या टोकावरून अंगठा फिरवला. त्याच्याकडे तिनं पाहिलं नाही.

“हा ठिपका कितीदा पुसून पुन्हा लावला,” ती हळूच म्हणाली, “तरी तिरकाच लागायचा माझ्या हातून.”