एक ते दहा

"एक ते दहा. किती दुखतंय, आजी?"

नर्सने विचारलं आणि कोशकारांचं डोकं सणकलं.

सकाळपासून आकडेच आकडे. फाटकावर गाडीचा आकडा, खिडकीवर वयाचा आकडा, हातात कोंबलेल्या चिठ्ठीवर आकडा. बायकोच्या मनगटाला पट्टी बांधली, तिच्यावरही नावाआधी आकडा. घरी तरी काय वेगळं होतं? रखवालदार त्यांना 'बावीस नंबर' म्हणून हाक मारायचा. बँकेला त्यांचं नाव नको असायचं, फोनवर आलेला आकडा हवा असायचा. अख्खा जन्म त्यांनी शब्दकोशाच्या कचेरीत काढला. एकेका शब्दासाठी भांडले, एकेका अर्थासाठी महिना महिना अडून बसले. आणि आता ही कालची पोर त्यांच्या बायकोचं दुखणं तराजूत घालायला निघाली होती.

"दुखणं म्हणजे काय बटाटे आहेत?" ते कडाडले. "किती देऊ, एक किलो की दहा?"

बाकावरची माणसं वळून बघू लागली. कुणीतरी फिसकन हसलं.

"काका, मी त्यांना विचारलं."

"तिला काय विचारता? मला विचारा."

बायको चाकांच्या खाटेवर कुशीवर पडली होती, गुडघे पोटाशी घेऊन. सकाळी स्वयंपाकघरात ती अशीच मुटकुळं होऊन खाली बसली, ती उठलीच नाही. आता तिने तोंड उघडलं होतं, पण कोशकारांचं वाक्य आधी निघालं. घरीही तसंच व्हायचं. वाक्य तिने सुरू करायचं, पुरं त्यांनी करायचं, आणि मूळच्यापेक्षा देखणं करायचं. दूध सांडलं म्हणाली, की हे आतून म्हणणार, "सांडलं नव्हे, उतू गेलं." ओट्यापाशी ती आईचं एखादं जुनं गाणं गुणगुणायची, अर्धंमुर्धं, आठवेल तसं. तेही ते खोलीतून नीट करून द्यायचे. प्रेमानेच. हल्ली ती गुणगुणत नसे. वय झालं, दुसरं काय.

"ऐका," त्यांनी नर्सपुढे बोट नाचवलं. "कळ येते आणि जाते. चमक निघते. उसण भरते. सल मात्र मुक्कामाला राहतो. जखम चरचरते, डोळे चुरचुरतात. दाढ ठणकते, गळू ठणकतं. पोटात ठणकत नाही, पोटात मुरडा येतो. आपल्या आयाबायांनी एकेका दुखण्याला लेकरासारखं नाव ठेवलंय, आणि तुम्ही त्यांची शिरगणती करता?"

बायकोच्या पापण्या हलल्या. कोशकारांना ते दिसलं. त्यांना वाटलं, दाद मिळाली.

"झालं?" आता नर्सचाही आवाज चढला. "काका, छान बोलता तुम्ही. पण आकडा मोठा असेल, तर यांना मी आत्ताच्या आत्ता आत नेते. लहान असेल, तर ही समोरची सगळी माणसं आधी. डॉक्टर एकच आहेत. त्यांना मी तुमची चमक आणि उसण कधी वाचून दाखवू? आकडा द्या."

"मी आकडा देणार नाही!"

"तुमच्याकडे मागतंय कोण?"

खाटेची चाकं कुरकुरली. बायको कोपरावर उठू बघत होती. कपाळावरचे केस घामाने चिकटले होते. तिने दोन्ही हात वर केले, बोटं पसरली आणि एक अंगठा आत दुमडला.

"नऊ," ती म्हणाली.

म्हणताना ती नर्सकडे बघत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती.

कोशकारांनी सवयीने तोंड उघडलं. "अगं, नऊ म्हणजे..." नऊला काय म्हणणार? नऊ म्हणजे नऊ.

नर्सने खाट ढकलत नेली. दार कोशकारांच्या नाकासमोर बंद झालं. त्या दारावरही आकडा होता. ते त्याच्याकडे डोळे वटारून बघत येरझारा घालू लागले. नऊ! शब्दांच्या घरात नांदलेली बाई, आणि ऐन वेळी तोंडातून काय निघालं, तर आकडा. त्यांना तिचाही राग आला. आपल्याला न विचारता बोलली, याचा जास्त आला. पण तेवढ्या खोलात ते शिरले नाहीत.

दार उघडलं. आधी डॉक्टर आले, मागून खाट.

"पोटात गळू झालंय," डॉक्टर म्हणाले. "आत पू साचलाय. फुटायच्या बेतात आहे. लगेच ऑपरेशन करतोय."

"गळू?" कोशकार पुटपुटले. "पोटात?"

डॉक्टरांना उत्तर द्यायला वेळ नव्हता. ते खाटेकडे वळले, आणि इतका वेळ दाबलेला त्यांचा संताप बाहेर पडला. "आजी, हे काही आजचं नाही. किती दिवस अंगावर काढलंत? घरात एवढा बोलका माणूस आहे. त्याला एका शब्दाने सांगता आलं नाही तुम्हाला?"

बायकोने मान वळवली. आवाजात जीव नव्हता. राग मात्र सगळा होता, जन्माचा साठवलेला.

"एका शब्दानेच सांगितलं होतं," ती म्हणाली. "पोटात ठणकतंय म्हटलं. यांनी तो शब्द खोडला."