मागची काच

काजलने ठोकळ्यांच्या मशीनची केबिन पुन्हा उकलली.

बाकी मशीन तयार होती. पट्टे, मोटार बसवलेलं खालचं गाडं, लांबलचक हात आणि त्याच्या टोकाला काँक्रीट चावणारा जबडा. बटण दाबलं की मोटार घरघरायची, हात हळूहळू वर जायचा, जबडा उघडायचा आणि मिटायचा. हात जड असल्याने मशीन तोंडावर पडत होती, म्हणून काजलने मागच्या पेटीत लोखंडी नट भरले होते. ठोकळ्यांचा हा खोका गजेंद्रने, तिच्या बापाने, गेल्या वेळी सुट्टीवर येताना पुण्याहून आणला होता. तो तिकडे जुन्या इमारती पाडायची पोकलेन चालवायचा. "हे माहीच मशीन हाय. पुढच्या डावी आलो का दोघं मिळून जोडू," असं म्हणाला होता. पुढच्या वेळी, काही महिन्यांपूर्वी, त्याला आणलं ते रुग्णवाहिकेतून.

मोताळ्याच्या बाजारात वांगी विकून तिची आई अनुपमा घरी आली, तेव्हा पोरगी ओसरीवर ठोकळे पसरून बसली होती. सासरे तुळशीराम बाजेवर पाठ फिरवून बसले होते. मोटारीचा आवाज आला की ते डोळे मिटून घ्यायचे.

"अनुपमा, तिले मना कर," ते हळू आवाजात म्हणाले. "पुरी मशीन जोडते अन् पुन्हा तेवढी केबिनच तोडते. दुपारपासून हेच चालू हाय. माह्याच्यानं नाही पाह्यल्या जात."

अनुपमाने रिकामी टोपली भिंतीला टेकवली. तिलाही ते पाहवत नव्हतं. आठवडाभर पोरगी रोज हेच करत होती. पोर बापाची आठवण काढते, काढू दे, असं तिने स्वतःला समजावलं होतं. पण आज सासऱ्यांचा चेहरा पाहून तिने खोका ओढला आणि ठोकळे भरायला लागली. कशाला हवी होती ही मशीन घरात?

काजलने तिचा हात धरला. "थांब न आई. मले फक्त एक पाह्याचं हाय."

"काय पाह्याचं हाय तुले?"

काजलने केबिन पुन्हा जागेवर बसवली. आत ठोकळ्यांचा एक चिमुकला माणूस होता. डाव्या बाजूच्या दारावर तिने एक जाड ठोकळा आडवा ठेवला.

"हे पाह्य. दरवाजा इकडून असते. इकूनच मलबा पडला तं दरवाजा उघडत नाही. पण मांगची काच निघते. पप्पानंच सांगतलं होतं मले. काही झालं तं मांगून निघा लागते म्हणे." तिने बोटाने त्या माणसाला मागे ढकललं. काच उघडली आणि तो अलगद बाहेर पडला. "मी कितीक डाव केबिन बदलून पाह्यली. मोठी केली, लहान केली. माणूस निघते, आई. दर वेळेस निघते." तिने त्या माणसाला पुन्हा आत बसवलं. "मंग पप्पा काऊन नाही निघाले? त्यायले आपली आठवण नाही आली का?"

अनुपमाने खोका बाजूला सारला. हाच प्रश्न ती मनातल्या मनात गजेंद्रला विचारत आली होती.

"निघाले होते," ती म्हणाली.

बाजेवर तुळशीराम वळले.

"मांगच्या काचेतूनच निघाले. चांगले दूर आले होते. मंग त्यायले आतून आवाज आला. भंगार वेचणारी एक बाई सळया घ्याले आत शिरली होती. तिले काढाले ते परत गेले. तवाच सगळी भिंत खाली आली."

गजेंद्रच्या कामावरच्या मुकादमाने हे तिला मातीच्या दिवशी, अंगणात एका बाजूला बोलावून सांगितलं होतं. बिचाऱ्याने बरं वाटावं म्हणून सांगितलं. अनुपमाच्या डोक्यात मात्र एवढंच शिरलं, की हा बाहेर होता. जिवंत होता, बाहेर उभा होता, आणि लेकीकडे यायचं सोडून कुठल्याशा बाईसाठी मागे फिरला. मुकादम पुढे काही बोलत होता. ती त्याला तसाच सोडून घरात निघून आली. सासऱ्यांना बोलली नाही. पोरीला सांगितलं की पप्पा केबिनच्या आतच होते, त्यांना काही कळलंसुद्धा नाही. बापाने आपल्याला टाकलं, असं पोरीच्या मनात येऊ नये म्हणून. आपल्या मनात तर ते घर करून बसलंच होतं.

आता सांगून झालं होतं. पोरगी रडेल, चिडेल, मशीन भिरकावून देईल, याची अनुपमा वाट पाहत राहिली. तुळशीरामांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला होता.

काजलने तो चिमुकला माणूस उचलून हातात घेतला. मग तिने आईकडे पाहिलं.

"मंग ते बाई वाचली का?"

अनुपमाने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तिच्या लक्षात आलं की इतक्या महिन्यांत तिने हे कोणालाच विचारलं नव्हतं.